नेमबाज लेकीसाठी केलेली मानसिक तयारीची कार्यशाळा : पैसे वसूल, वही सोडून

लेक नववीत आहे, १० मीटर एअर रायफल मारते. ओळीने दोन स्पर्धा फसल्यावर रेंजवरच्या एका मैत्रिणीने ही कार्यशाळा सुचवली. दोन रविवार, तीन-तीन तास, पालकासकट अडीच हजार. नाव लिहीत नाही, कारण तक्रारही करणार आहे.

पहिला तास स्लाइड बघण्यातच गेला. बर्नार्ड वायनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची मांडणी अशी, की हरल्या-जिंकल्याचं जे कारण आपण सांगतो ते आपल्यातलं की बाहेरचं, कायमचं की बदलणारं, हातातलं की हाताबाहेरचं, हे तपासायचं. एवढ्याला तास कशाला? त्यात एसी बंद.

खरी मजा पुढे आली. मागच्या स्पर्धेचं कारण प्रत्येकाला लिहायला लावलं. लेकीने लिहिलं, "मला शेवटची सिरीज जमतच नाही." (सिरीज म्हणजे दहा शॉटचा गट, स्पर्धेत असे सहा.) मॅडमनी तिच्याकडूनच तपासून घेतलं : आपल्यातलं, कायमचं, हाताबाहेरचं. "मग सराव कशासाठी करतेस?" पोरगी गप्प. बऱ्याच वेळाने तिने ते खोडून लिहिलं, "वेळ संपेल या भीतीने सहाव्या सिरीजला ट्रिगर घाईत ओढला." हे सोमवारी रेंजवर दुरुस्त करता येतं. माझ्या कागदावर मात्र ती जिंकली तेव्हा 'घरची शिस्त' आणि हरली तेव्हा 'तिचं लक्ष नसतं'. मॅडमनी तो मोठ्याने वाचला नाही, उपकारच म्हणायचे.

तक्रार अशी, की बाहेरचं कारण दिलं की ती सबबच, असा तिथला सूर होता. अभिनव बिंद्रा २००४ ला अथेन्समध्ये पात्रता फेरीत तिसरा होता, अंतिम फेरीत सातवा आला. पायाखालची फरशी सैल होती, हे नंतर कळलं. ती काही सबब नव्हती. पण त्याने सरावासाठी तशीच डुगडुगणारी फरशी करून घेतली, म्हणजे हाताबाहेरचं होतं ते हातात घेतलं. २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण मिळालं. नेमबाजांच्या वर्गात हे उदाहरण नसावं? मी विषय काढला तर म्हणाल्या, वेळ कमी आहे.

दुसरा रविवार श्वासाच्या व्यायामांचा. ठीकठाक.

मुलांना जरूर पाठवा, आणि स्वतःही बसा. फक्त त्यांची अडीचशे रुपयांची छापील वही घेऊ नका. आम्ही साध्या शंभर पानी वहीत तीन रकाने आखलेत, काम तेच होतं.