मॉनिटरिंग प्लगइन्स: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आमच्याकडे दोन इमारतींत मिळून तीसेक लिनक्स सर्व्हर आणि डझनभर मॅनेज्ड स्विच आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आयसिंगा २ हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर आणि त्याच्या हाताखाली मॉनिटरिंग प्लगइन्सचा संच, अशी मांडणी गेले काही महिने रोज वापरतो आहे. आयसिंगाबद्दल बरंच वाचायला मिळतं, प्लगइन्सबद्दल फारसं नाही. प्रत्यक्ष तपासणी तर तेच करतात.

आधी नावांचा घोळ सांगतो, कारण नवा माणूस इथेच अडखळतो. १९९९ चं नेटसेंट हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर पुढे नागिओस झालं. त्याचे प्लगइन्स सांभाळणारी मंडळी २०१४ मध्ये डोमेनच्या वादानंतर वेगळी झाली आणि त्यांनी मॉनिटरिंग प्लगइन्स हे नाव घेतलं. डेबियनमध्ये पॅकेज या नव्या नावाने मिळतं, पण फाइल्स अजूनही नागिओस नावाच्याच फोल्डरात जाऊन बसतात.

प्रत्येक प्लगइन म्हणजे एक छोटा स्वतंत्र प्रोग्रॅम. तो चालतो, एक ओळ छापतो आणि एक आकडा देऊन संपतो: ० म्हणजे ठीक, १ वॉर्निंग, २ क्रिटिकल, ३ म्हणजे कळलं नाही. बस, एवढाच करार. त्यामुळे बॅश असो, पायथन असो, कशातही स्वतःची तपासणी लिहिता येते. ओळीत उभी रेघ मारून पुढे आकडे दिले की आयसिंगा ते इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसकडे पाठवतो आणि ग्राफाना या आलेखांच्या साधनात आलेख दिसू लागतो. इतकी साधी आणि इतकी टिकाऊ रचना मी दुसऱ्या कुठल्या साधनात पाहिलेली नाही.

बसवायला अर्धा दिवस पुरतो. वेळ खातात त्या मर्यादा, म्हणजे कितीवर इशारा द्यायचा ते आकडे. डिस्कवरची मोकळी जागा पाहणारं नुसतं चेक_डिस्क घ्या. सगळीकडे लिहिलेलं असतं, २० टक्के उरले की वॉर्निंग, १० टक्क्यांवर क्रिटिकल. ८ टीबीच्या व्हॉल्यूमवर १० टक्के म्हणजे ८०० जीबी. तेवढ्यासाठी कुणाला फोन करायचा? मोठ्या व्हॉल्यूमना मी थेट जीबीत मर्यादा दिल्या. उबुंटूवर स्नॅप या पॅकेज प्रकाराचे माउंट कायम १०० टक्के भरलेले दिसतात, ते वगळावेच लागतात. आणि आयनोडची (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद, जिची संख्या ठरलेली असते) मर्यादा जरूर लावा. आमच्या एका वेब सर्व्हरवर डिस्क निम्मी रिकामी होती, तरी फाइल लिहिली जात नव्हती. सेशनच्या लाखो बारक्या फाइल्सनी आयनोड संपवले होते. प्रोसेसरवरचा ताण पाहणारं चेक_लोडही तसंच: ४ कोअरच्या मशीनवर ८ लोड म्हणजे गर्दी, १६ कोअरवर काहीच नाही. दर कोअरमागे हिशेब करणारा पर्याय त्यात आहे, तो वापरा.

वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट तपासायला चेक_एचटीटीपी मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट सर्टबॉट हा प्रोग्रॅम आपोआप साधारण ३० दिवस उरले की बदलतो, म्हणून ३० वर वॉर्निंग लावली तर विनाकारण पिवळं होतं. मी २० आणि १० ठेवले आहेत. एकदा नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलं होतं, पण वेब सर्व्हर रीलोड न झाल्याने बाहेर जुनंच जात होतं. फाइलची तारीख पाहणाऱ्या स्क्रिप्टला हे कधीच कळलं नसतं. प्लगइन नेटवर्कवरून विचारतो, म्हणून कळलं.

बॅकअपसाठी चेक_फाइल_एज आहे. त्यात वयाबरोबर किमान आकारही द्या. नेटवर्क शेअर सुटल्यावर वेळेवर तयार झालेली काही केबींची फाइल नुसतं वय पाहणाऱ्या तपासणीत हिरवी दिसते.

स्विचच्या बाबतीत मात्र त्रास आहे. चेक_एसएनएमपी स्विचला नेटवर्कवरून काहीही विचारू शकतं, पण ओआयडी (कोणता आकडा हवा ते सांगणारे क्रमांक) शोधून आपणच द्यायचे. गेलेले बाइट मोजणारा ३२ बिटी काउंटर पूर्ण भरून चाललेल्या १ गिगाबिट लिंकवर सुमारे ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, त्यामुळे मिनिटामिनिटाला वाचलेला आकडा निरर्थक ठरतो. ६४ बिटी काउंटरच घ्या. शिवाय प्रत्येक तपासणीला नवी प्रोसेस सुरू होते. आमच्या पसाऱ्याला ते जाणवत नाही. सतत येणारे-जाणारे कंटेनर आणि सेकंदासेकंदाचे आलेख हवे असतील तर प्रोमिथियस या दुसऱ्या मॉनिटरिंग साधनाकडे जा.

इंटरनेटवरून घेतलेले सुटे प्लगइन्स वाचल्याशिवाय लावू नका. रेड (अनेक डिस्कची एकत्र मांडणी) तपासणाऱ्या एका पर्ल स्क्रिप्टला कंट्रोलरची कमांडच सापडत नव्हती, तरी ती ० देऊन मोकळी होत होती. अशा वेळी ३ यायला हवा. आता नवी तपासणी लावली की ती सेवा मुद्दाम बंद करून पाहतो आणि लाल झालं तरच पुढे जातो.

अलर्टचा भडिमार थांबला तो डिपेंडन्सी, म्हणजे कोणतं मशीन कशावर अवलंबून आहे ते, लिहिल्यावर. दुसऱ्या इमारतीत वीज गेली, यूपीएस संपला आणि मुख्य स्विच बंद पडला की आता त्यामागच्या सगळ्या मशिन्सचे मेसेज येत नाहीत, एकच येतो. त्याच्याही आधी चेक_यूपीएस सांगतं की बॅटरीवर चाललंय, त्यामुळे डेटाबेस नीट बंद करायला वेळ मिळतो. रात्री फोन वाजवायची परवानगी सध्या फक्त यूपीएस, मुख्य स्विच, डेटाबेस आणि बॅकअप यांना आहे. बाकीचं सगळं सकाळच्या मेलमध्ये येतं.