कंपनीतली इंटर्नशिप, समर ऑफ कोड, की स्वतःचाच प्रकल्प?

परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आल्या की मला एकाच छापाचे निरोप यायला लागतात. "कंपनीत इंटर्नशिप मिळतेय, ओपन सोर्समध्येही काहीतरी करायचंय, आणि डोक्यात एका ॲपची कल्पना आहे. काय करू?" हे तिन्ही एका उन्हाळ्यात बसत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला खरं तर दोन गोष्टी सोडून द्यायला कुणीतरी सोबत हवं असतं.

मी इंटर्न होतो तेव्हा मलाही हेच प्रश्न होते. आता काही वर्षं एका छोट्या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा, प्रकल्पात मेंटॉर म्हणून काम बघतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझ्यापुरते दोनच प्रश्न उरलेत. आठवड्यात किती वेळा कुणी अनुभवी माणूस तुमचं काम उघडून ओळ न् ओळ वाचणार आहे? आणि उन्हाळा संपल्यावर ते काम कोणाचं असणार आहे? विद्यावेतन, कंपनीचं नाव, प्रमाणपत्र हे सगळं यानंतर. पैशांची गरज असेल तर मात्र विद्यावेतन पहिलं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कंपनी

माझी पहिली इंटर्नशिप एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीत झाली, आठ आठवड्यांची. पहिला आठवडा ओळखपत्र आणि लॅपटॉप मिळण्यात गेला. दुसऱ्यात कोडचा ॲक्सेस आला. तिसऱ्यात माझा मेंटॉर पंधरा दिवस रजेवर गेला. मला ज्याच्या हवाली केलं होतं त्याचं रिलीज तोंडावर आलेलं. माणूस भला होता, पण मी खुर्ची ओढली की "आता हा काय विचारणार" असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. शेवटी मी एक डॅशबोर्ड केला, प्रेझेंटेशनला टाळ्या मिळाल्या, आणि तो डॅशबोर्ड नंतर कुणी उघडला असेल असं मला वाटत नाही.

तरीही ते आठ आठवडे फुकट गेले असं म्हणणार नाही. दुसऱ्याने पाच वर्षांपूर्वी लिहिलेला, लिहिणारा सोडून गेलेला कोड वाचायचा कसा, हे मी तिथे शिकलो. भर मीटिंगमध्ये "मला हे कळलं नाही" म्हणायलाही तिथेच शिकलो. शिवाय बऱ्याच कंपन्या कायमच्या भरतीसाठी आधी आपल्याच इंटर्नांकडे बघतात. पुढच्या वर्षी नोकरी हेच उद्दिष्ट असेल तर हा रस्ता सगळ्यात सरळ आहे.

अडचण येते ती स्वतःची कल्पना डोक्यात असणाऱ्यांची. इंटर्नशिपच्या करारात 'या काळात तुम्ही जे तयार कराल त्याचे हक्क कंपनीचे' अशा अर्थाचं कलम बहुतेक वेळा असतं. काही करारांत ते फक्त कंपनीच्या कामापुरतं असतं, काहींत बरंच ऐसपैस असतं. रात्री स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड त्यात येतो का, हे सही करण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "अहो, तसं काही नसतं," हे तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही.

गूगल समर ऑफ कोड

ओपन सोर्स प्रकल्पात विद्यावेतन घेऊन काम करायचा हा उन्हाळी उपक्रम. नावात गूगल असलं तरी काम गूगलचं नसतं. गूगल पैसे आणि चौकट देतं. प्रकल्प ओपन सोर्स संस्थांचे आणि मेंटॉर त्या संस्थांतले स्वयंसेवक. २००५ साली सुरू झालेला हा उपक्रम २०२१ पर्यंत फक्त विद्यार्थ्यांसाठी होता, २०२२ पासून १८ वर्षं पूर्ण झालेल्या आणि ओपन सोर्समध्ये नवख्या असलेल्या कुणालाही खुला आहे. प्रकल्प साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. नेहमीचा कालावधी १२ आठवडे, पण मेंटॉरशी बोलून तो २२ आठवड्यांपर्यंत ताणता येतो. परीक्षा मध्येच येणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे. विद्यावेतन देशागणिक बदलतं: गेल्या काही वर्षांत १७५ तासांना १,५०० ते ३,३०० डॉलर, ३५० तासांना त्याच्या दुप्पट. रक्कम दोन हप्त्यांत येते, मध्यावरच्या मूल्यमापनानंतर ४५ टक्के आणि शेवटी ५५ टक्के. मध्यावर नापास झालात तर उन्हाळा तिथेच संपतो.

निवडले जातात हजार-बाराशे, अर्ज त्याच्या कैक पट. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. फेब्रुवारीत संस्थांची यादी लागते, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत आपण काय करणार याचं प्रपोजल द्यायचं असतं, आणि लोक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जागे होतात. आमच्याकडे येणाऱ्या प्रपोजलांतली निम्मी तर पहिल्याच परिच्छेदात बाजूला पडतात. हल्ली त्यातली बरीच एआयने लिहिलेली असतात. "हा प्रकल्प अधिक मजबूत आणि स्केलेबल बनवण्याचा माझा मानस आहे." बनवा, पण कोणती फाइल उघडून? ते कुठेच नसतं.

दोन वर्षांपूर्वी निवडलेल्या एका मुलीचं प्रपोजल मला अजून आठवतं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण दुसऱ्याच ओळीत लिहिलेलं: तारखा वाचणारं तुमचं फंक्शन मी वाचलं, २९ फेब्रुवारीला ते एक दिवस पुढे जातं, ते दाखवणारी टेस्ट जोडली आहे. प्रपोजल द्यायच्या आधीच तिच्या दोन बारीकशा पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेले बदल) मर्ज झाल्या होत्या, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतल्या गेल्या होत्या. त्यातली एक तर नुसती इन्स्टॉलेशनच्या सूचनांतली चूक सुधारणारी. तिला निवडायला आम्हाला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आणि तीच मुलगी जूनमध्ये नऊ दिवस गप्प झाली. रोज एक ओळ यायची, "काम चालू आहे". दहाव्या दिवशी मी म्हटलं, स्क्रीन शेअर कर. सर्व्हरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि तिच्या मशीनची स्थानिक वेळेत, एवढीच भानगड होती. दहा मिनिटांत सुटली. "आधी का नाही विचारलंस?" "सर, तुम्हाला वाटेल हिला एवढंही येत नाही." मेंटॉर असूनही नऊ दिवस गेले. म्हणून सांगतो, कार्यक्रमातून मेंटॉर मिळतो, पण त्याचा वेळ मागून घ्यावा लागतो. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: दोन तास अडलात की चॅनलवर लिहायचं, अर्धवट असेल तसं.

मग स्वतःच्या कल्पनेचं काय? संस्था आपल्या कल्पनांची यादी लावतात आणि तुम्ही वेगळं काही सुचवू शकता. पण शून्यातून काही उभारायचं असेल तर त्या संस्थेला ते पुढे सांभाळावंसं वाटलं पाहिजे. असं घडतं. पायथॉन या भाषेत मशीन लर्निंग करणारे बरेच जण आज वापरतात ती सायकिट-लर्न लायब्ररी २००७ साली डेव्हिड कूर्नापो यांचा समर ऑफ कोडचा प्रकल्प म्हणूनच सुरू झाली. पण तिची पहिली सार्वजनिक आवृत्ती आली १ फेब्रुवारी २०१० ला, फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी सूत्रं हाती घेतल्यावर. एका उन्हाळ्यात बी पेरलं गेलं, झाड दुसऱ्यांनी वाढवलं. तुमचंही तसं झालं तर तुम्हाला चालेल का, हे आधी मनाशी ठरवा.

आउटरीची आणि एलएफएक्स

समर ऑफ कोडचंच ऐकून बरेच जण थांबतात, म्हणून अशाच आणखी दोन कार्यक्रमांची ही नावं. आउटरीचीची मुळं ग्नोम या ओपन सोर्स प्रकल्पाच्या समुदायाने २००६ मध्ये महिलांसाठी काढलेल्या उन्हाळी उपक्रमात आहेत. आज ती तंत्रज्ञान क्षेत्रात ज्यांना भेदभावाला तोंड द्यावं लागतं किंवा ज्यांची संख्या तिथे कमी आहे अशा सगळ्यांसाठी आहे. काम तीन महिने, घरबसल्या, आठवड्याला सुमारे ३० तास. विद्यावेतन ७,००० डॉलर, आणि ते सगळ्या देशांना सारखं. म्हणजे समर ऑफ कोडमध्ये ज्यांच्या देशाला खालचा दर आहे त्यांच्यासाठी हा फरक किरकोळ नाही. आधी लेखी अर्ज, तो मंजूर झाला की काही आठवडे प्रत्यक्ष प्रकल्पात काम करून दाखवायचं आणि त्यावरून निवड. मला ही पद्धत प्रपोजलपेक्षा प्रामाणिक वाटते. कागदावरची भाषा इथे फार तारून नेत नाही.

एक गोष्ट मात्र क्रम ठरवताना डोक्यात ठेवा. समर ऑफ कोड एकदा केलं की आउटरीचीला तुम्ही पात्र राहत नाही. दोन्हीत बसत असाल तर आधी आउटरीची.

लिनक्स फाउंडेशनच्या एलएफएक्स मेंटॉरशिपच्या वर्षाला तीन फेऱ्या असतात, त्यामुळे उन्हाळा हुकला तरी वर्ष हुकत नाही. तिथलं काम क्लाउड, कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), नेटवर्किंग अशा पायाभूत गोष्टींकडे झुकलेलं असतं. त्यात रस नसेल तर फक्त नावासाठी जाऊ नका, बारा आठवडे फार मोठे वाटतात.

संशोधन

यावर मी थोडक्यातच लिहितो, कारण माझा अनुभव ऐकीव आहे. प्रयोगशाळेतला उन्हाळा पुढे पीएचडी करावीशी वाटते का, हे तपासण्यासाठी उत्तम. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाचा सर्फ हा दहा आठवड्यांचा कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे आणि त्याची एक रीत मला आवडते: विद्यार्थी आधी मेंटॉर गाठतो, दोघं मिळून विषय आखतात आणि मग विद्यार्थी प्रस्ताव लिहितो. म्हणजे मेंटॉर वाट्याला येत नाही, तुम्ही त्याला शोधता. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या उन्हाळी कार्यक्रमात कामाबरोबर व्याख्यानांचीही मालिका असते. अशा ठिकाणी रोजचा मेंटॉर बहुतेक वेळा प्राध्यापक नसून त्यांचा एखादा पीएचडीचा विद्यार्थी असतो. अर्ज करताना त्याचंही नाव विचारून घ्या, तुमचा उन्हाळा त्याच्याच हातात आहे.

स्वतःचा प्रकल्प

इथे विद्यावेतन नाही, तारखा नाहीत, आणि पहिल्या पंधरवड्यानंतर उत्साहही नसतो. पण कोड तुमचा, चुका तुमच्या, आणि काय करायचं नाही हे ठरवण्याचा अधिकारही तुमचा. हा शेवटचा अधिकार इंटर्नला कुठेच मिळत नाही.

घोडं अडतं मेंटॉरपाशी. लोक लिहितात, "सर, माझ्याकडे एक क्रांतिकारी कल्पना आहे, कृपया मार्गदर्शन करा." याला उत्तर द्यायचं म्हणजे किती वेळ जाणार याचा अंदाजच येत नाही, म्हणून कुणी देत नाही. मला गेल्या वर्षी आलेला, मी लगेच होकार दिलेला मेल सहा ओळींचा होता. वाचनालयातली पुस्तकं परत यायची तारीख आठवण करून देणारं काहीतरी करतोय. ही लिंक, चालतंय, तीन मित्र वापरतात. डेटाबेसमध्ये सदस्य आणि पुस्तक यांचं नातं असं मांडलंय, पण एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आल्या की गोंधळ होतो. यावर तुमची वीस मिनिटं मिळतील का? पुढच्या वेळी दोन आठवड्यांनी विचारेन.

वीस मिनिटं कुणीही देतं. त्या मुलाला उन्हाळाभरात माझ्याकडून पाच-सहा बैठका मिळाल्या, आणि प्रत्येक वेळी तो प्रश्न आधी लिहून पाठवायचा. माझ्या त्या कंपनीतल्या मेंटॉरने आठ आठवड्यांत मला यापेक्षा कमी वेळ दिला होता. प्रतींचा गोंधळ, सांगायचं राहिलं, 'पुस्तक' आणि 'प्रत' असे दोन तक्ते वेगळे केल्यावर सुटला. त्यासाठी त्याला आधीचा निम्मा कोड फेकावा लागला, आणि त्याने तो कुरकुर न करता फेकला. कंपनीत इंटर्नला कुणी हे करू देत नाही.

पण हा रस्ता प्रत्येकाचा नाही. कुणी बघत नसलं की काम ढकलणारे असाल (मी आहे), तर पहिल्या उन्हाळ्यात चौकट असलेला कार्यक्रम घ्या आणि स्वतःचा प्रकल्प दुसऱ्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. उलट, तुमची वस्तू आज चार माणसं वापरत असतील आणि रोज तक्रारी करत असतील, तर कंपनीतल्या नावासाठी ती बंद ठेवू नका. असे तक्रार करणारे वापरकर्ते मिळवायला लोकांना वर्षं लागतात.

हातात ऑफर असलेल्यांनी होकार देण्याआधी मेंटॉरला एक प्रश्न विचारावा: "मागच्या इंटर्नच्या कामाचं पुढे काय झालं?" ज्याला ते लगेच सांगता येतं, "अमुक भाग वापरात आहे, तमुक आम्ही काढून टाकला, कारण तो हळू चालायचा," तो माणूस तुमचंही काम वाचेल. "छान झालं होतं प्रेझेंटेशन," एवढंच उत्तर आलं तर माझा डॅशबोर्ड आठवा.