सॅट की एसीटी? हायस्कूलमधल्या मुलांच्या पालकांसाठी

अमेरिकेत मूल दहावीतून अकरावीत जायला लागलं की कॉलेज प्रवेशासाठी सॅट द्यायची की एसीटी, हा प्रश्न घरात येतोच. मराठी घरांत त्याला हमखास जोडून येणारा दुसरा प्रश्न म्हणजे ‘दोन्ही दिल्या तर बिघडलं कुठे?’ वेळ वाया जातो, तिथे बिघडतं. दोन्ही परीक्षांचा वेग वेगळा, लागणाऱ्या सवयी वेगळ्या. शाळेचा अभ्यास, एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) आणि बाकीचे उद्योग सांभाळून दोन्हींची तयारी करणारं मूल बहुतेकदा दोन्हींत मधलेच गुण घेऊन येतं. कॉलेजं दोन्ही परीक्षा सारख्याच मानतात. ‘आयव्ही लीगवाल्यांना सॅट लागते, एसीटी मिडवेस्टची’ हा समज आता टाकून द्यावा. कॉलेजकडे नव्हे, मुलाकडे बघून एक निवडायची आणि दुसरी सोडून द्यायची.

त्याआधी परीक्षेची गरज आहे का ते बघा. कोविडनंतर बऱ्याच कॉलेजांनी ती ऐच्छिक केली होती, पण वारं फिरलं आहे. एमआयटीने २०२२ मध्ये ती परत सक्तीची केली. त्यानंतर डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक, स्टॅनफर्ड, कॉर्नेल त्याच वाटेने गेले. येलला सॅट-एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे गुणही चालतात. सरकारी विद्यापीठांत जॉर्जिया टेक, फ्लोरिडा आणि टेक्सासचं ऑस्टिन गुण मागतात. कोलंबियाने मात्र ऐच्छिकच ठेवलं आहे. कॅलिफोर्नियाचं सगळ्यांत वेगळं: यूसी आणि कॅल स्टेट ही तिथली सरकारी विद्यापीठं प्रवेश देताना हे गुण बघतच नाहीत. बे एरियातलं मूल फक्त यूसीलाच अर्ज करणार असेल, तर क्लासचे पैसे वाचवा. ही धोरणं दरवर्षी बदलतात, त्यामुळे यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं अ‍ॅडमिशनचं पान त्याच वर्षी उघडून वाचायचं.

काही राज्यांत निवडीचा अर्धा भाग शाळाच करून टाकते. मिशिगनमध्ये अकरावीच्या मुलांची सॅट शाळेच्या वेळात, फुकट होते. इलिनॉयमध्येही सॅटच होती, पण २०२५ च्या वसंतापासून तिथे एसीटी आली. शिकागोकडच्या पालकांना मोठ्या भावंडाचा अनुभव म्हणून उपयोगी पडणार नाही.

आता परीक्षा समोरासमोर ठेवू.

| | सॅट | एसीटी |
|---|---|---|
| भाषा | वाचन-लेखन एकत्र: ५४ प्रश्न, ६४ मिनिटं | इंग्लिश: ५० प्रश्न, ३५ मिनिटं, रीडिंग: ३६ प्रश्न, ४० मिनिटं |
| गणित | ४४ प्रश्न, ७० मिनिटं | ४५ प्रश्न, ५० मिनिटं |
| सायन्स | नाही | ऐच्छिक: ४० प्रश्न, ४० मिनिटं |
| निबंध | शनिवारच्या परीक्षेत नाही | ऐच्छिक: ४० मिनिटं |
| एकूण | २ तास १४ मिनिटं | सक्तीचा भाग २ तास ५ मिनिटं |
| गुण | ४०० ते १६०० | १ ते ३६ |
| माध्यम | फक्त संगणक | अमेरिकेत कागद किंवा संगणक |

चुकीच्या उत्तराला वजा गुण दोन्हींत नाहीत. जेईईच्या मुशीतून आलेल्या बाबांना हे दोनदा सांगावं लागतं: एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

एकूण वेळ जवळजवळ सारखा दिसतो, पण भागाकार करा. सॅटच्या गणितात एका प्रश्नाला सुमारे ९५ सेकंद मिळतात, एसीटीत ६७. सॅटच्या भाषेत ७१, एसीटीच्या इंग्लिशमध्ये ४२. तरी हा एसीटीचा नवा, सैल केलेला आराखडा आहे. तो २०२५ मध्ये आधी संगणकावर आणि मग सप्टेंबरपासून शनिवारच्या कागदी परीक्षेतही आला. जुन्या एसीटीत इंग्लिशचे ७५ प्रश्न ४५ मिनिटांत आणि गणिताचे ६० प्रश्न ६० मिनिटांत असत, गणिताला पर्याय पाच असत. आता चार आहेत. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांकडून आलेली जाडजूड पुस्तकं इथे घात करतात. प्रश्नांचा सराव होतो, पण घड्याळाचा अंदाज पार चुकतो. सॅटचं २०२४ च्या आधीचं कागदी पुस्तक तर लांबलचक उताऱ्यांचं, आज ते जवळपास निरुपयोगी.

खरा फरक मात्र परीक्षेच्या बांधणीत आहे. सॅटचा प्रत्येक विभाग दोन मॉड्यूलमध्ये येतो. पहिल्यात मूल कसं करतं त्यावर दुसरं मॉड्यूल अवघड येणार की सोपं, ते ठरतं. सोपं मॉड्यूल आलं तर ते सगळं बरोबर सोडवूनही वरचे गुण हाती लागत नाहीत. म्हणून पहिल्या मॉड्यूलमध्ये घाईने केलेल्या चार-पाच फुटकळ चुका फार महाग पडतात. उलटंही होतं: दुसरं मॉड्यूल अवघड आलं की मूल गांगरतं, ‘गेली परीक्षा’ म्हणून हात-पाय गाळतं. ते चांगलं लक्षण आहे हे त्याला आधीच सांगून ठेवा. एसीटीत असला प्रकार नाही, सगळ्यांना सरळ एक पेपर. सुरुवातीला अडखळून मग लय पकडणाऱ्या मुलाला एसीटी कमी छळते.

दोन्हींत न मोजले जाणारे प्रश्नही मिसळलेले असतात. सॅटच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोन. एसीटीत त्यांचं प्रमाण मोठं आहे: इंग्लिशच्या ५० पैकी ४०, रीडिंगच्या ३६ पैकी २७ आणि गणिताच्या ४५ पैकी ४१ प्रश्नच मोजले जातात. कोणते, ते कळत नाही. ‘हा विचित्र दिसतोय, सोडून देतो’ हा शहाणपणा करू नये.

वाचनाचं स्वरूपही वेगळं. सॅटमध्ये २५ ते १५० शब्दांचा एक तुकडा आणि त्यावर एकच प्रश्न. तुकडा छोटा, पण दाट. एक शब्द निसटला तर उत्तर निसटतं. एसीटीत लांब उतारे, प्रत्येकावर प्रश्नांचा गठ्ठा. कादंबऱ्या वाचत वाढलेल्या मुलाला एसीटीचं रीडिंग सोपं जातं. ज्याचं लक्ष तिसऱ्या परिच्छेदात भटकतं त्याला सॅट बरी.

गणितात आपल्या पालकांचा अंदाज सर्वांत जास्त चुकतो, कारण ते हातच्या आकडेमोडीवर मुलांना जोखतात. सॅटमध्ये डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर पडद्यावरच असतो आणि सगळ्या प्रश्नांना चालतो. उदाहरण घ्या: y = x² + 6x + k हा वक्र y = 2x + 1 या रेषेला k च्या कोणत्या किमतीला एकाच बिंदूत भेटेल? वहीत करायचं तर समीकरण मांडा, विवेचक शून्य धरा, १६ – ४(k – १) = ० सोडवा, k = ५. डेस्मॉसमध्ये दोन्ही समीकरणं टाइप केली की k साठी सरकपट्टी येते. ती हलवत वक्र रेषेला नुसता टेकतो ते बघायचं: k = ५, बिंदू (–२, –३). सरावलेल्या मुलाचं काम काही सेकंदांत होतं. पण हेच हत्यार आळसही शिकवतं. मांडणी न करता थेट टाइप करायला लागलेलं मूल शाब्दिक उदाहरणात अडकतं, कारण तिथे टाइप काय करायचं तेच मुळात शोधायचं असतं.

सॅटचं सुमारे ७० टक्के गणित बीजगणित आणि त्याच्या पुढच्या पायरीचं. भूमिती-त्रिकोणमिती १५ टक्क्यांच्या आसपास. सूत्रांचा तक्ता दिलेला असतो. सुमारे पाव प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः लिहायचं. एसीटीत सगळे प्रश्न पर्यायी, पण विषयांचा पसारा मोठा: लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, श्रेणी, भूमितीही जास्त. आणि सूत्रं पाठ हवीत. बीजगणिताची समीकरणं स्वतः सोडवणारे, म्हणजे कॅस प्रकारचे कॅल्क्युलेटर दोन्हीकडे चालत नाहीत. घरात मोठ्या भावाचा टीआय-८९ पडला असेल तर तो घरीच राहू द्या.

सायन्सबद्दल एवढंच: तो विज्ञानाचा पेपर कमी आणि तक्ते-आलेख झटपट वाचण्याचा जास्त. नव्या एसीटीत एकूण गुण इंग्लिश, गणित आणि रीडिंगच्या सरासरीवरच निघतात. सायन्सचे गुण वेगळे दाखवले जातात. यादीतलं एखादं कॉलेज ते मागत असेल, किंवा इंजिनिअरिंगकडे जायचं असून मुलाला तो भाग सहज जमत असेल, तर द्यावा. उगाच भर म्हणून नको.

गुण वाचताना शंभरपैकी किती, हा हिशेब सोडा. सॅटच्या एकूण गुणांत साधारण ४० गुणांची आणि एसीटीत एका गुणाची इकडची तिकडे ही मोजमापाचीच मर्यादा आहे. १४२० आणि १४४० मध्ये फरक आहे असं मानून मुलाला बोलू नका. अहवालात दिसणारी हिरवी पट्टी आणखी फसवी. सॅटचे भाषेचे ४८० आणि गणिताचे ५३० हे ‘कॉलेज रेडी’चे टप्पे आहेत. त्यांचा अर्थ एवढाच की पहिल्या वर्षाच्या त्या विषयात किमान सी ग्रेड मिळण्याची शक्यता ७५ टक्के. चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळेल, असं ती पट्टी सांगत नाही. त्यासाठी त्या कॉलेजने जाहीर केलेला, प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या ५० टक्के विद्यार्थ्यांच्या गुणांचा पल्ला बघायचा.

निवड करण्याची पद्धत सोपी आहे, फक्त ती खरोखर पार पाडावी लागते. आठवड्याच्या अंतराने दोन शनिवार सकाळ राखून ठेवा. एका शनिवारी सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपवर पूर्ण लांबीची सॅट, दुसऱ्या शनिवारी एसीटीची नव्या आराखड्याची अधिकृत सराव परीक्षा. फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये आईने पोहे आणून द्यायचे नाहीत. एसीटीत वेळ संपला की तिथे रेघ मारायची आणि उरलेले प्रश्न वेगळ्या पेनने, घड्याळाशिवाय पुरे करायचे. मग दोन्ही संस्थांच्या संयुक्त तक्त्यावरून तुलना करा. १२०० ते १२२० म्हणजे एसीटीचे २५, १३३० ते १३५० म्हणजे २९, १३९० ते १४१० म्हणजे ३१, १४९० ते १५२० म्हणजे ३४.

समजा सॅटला १३४० आले आणि एसीटीला ३१. सॅटचे १३४० म्हणजे २९, दोन गुणांचा फरक, एसीटी घ्या. एकाच गुणाचा फरक असेल तर मुलाला कोणती कमी कंटाळवाणी वाटली ते विचारा आणि तेच धरा. रेघेच्या पुढचे प्रश्न बहुतेक बरोबर आले असतील तर अडचण वेगाची आहे, ज्ञानाची नाही. अशा मुलाचं सॅटवर लवकर भागतं. रेघेच्या आधीच चुका असतील तर परीक्षा बदलून काही होणार नाही, आधी विषय पक्का करायला हवा. अल्जेब्रा-२ पूर्ण होण्याआधी ही तुलना करू नका, निकाल खोटा येतो.

एका गोष्टीने पारडं सॅटकडे झुकतं, ती म्हणजे अकरावीच्या ऑक्टोबरातली पीएसएटी, सॅटची पूर्वपरीक्षा. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली चाळणी तिच्यावरूनच होते आणि तिची तयारी म्हणजे सॅटचीच तयारी. पण चाळणीचा हिशेब एकूण गुणांवर होत नाही. भाषेचे गुण दुप्पट करतात, त्यात गणिताचे मिळवतात आणि दहाने भागतात. भाषा ७२० आणि गणित ७६० असेल तर २२०. भाषा ७६० आणि गणित ७२० असेल तर २२४. एकूण दोन्हीकडे १४८०. कटऑफ राज्यागणिक वेगळा, आणि न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये तो सगळ्यांत वर असतो. तिथे हे चार गुण निकाल फिरवू शकतात. गणिताचे पेढे वाटून झाले की विरामचिन्हांकडे वळा.

वेळापत्रक साधारण असं: पहिला प्रयत्न अकरावीच्या डिसेंबर ते मार्चमध्ये, दुसरा मे-जूनमध्ये, आणि लागलाच तर बारावीच्या आधीचा ऑगस्ट किंवा सप्टेंबर. अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीच्या, अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, त्यामुळे त्यापुढची तारीख त्या अर्जाला उपयोगी पडेलच असं नाही. बरीच कॉलेजं वेगवेगळ्या तारखांचे विभागवार सर्वोत्तम गुण एकत्र धरतात. म्हणून दुसऱ्या वेळी कच्च्या विभागावरच भर दिला तरी चालतं.

मुलाला शाळेत ५०४ किंवा आयईपी (अडचण असलेल्या मुलांसाठीच्या खास सवलतींची योजना) असेल, तर परीक्षेतला जादा वेळ आपोआप मिळत नाही. शाळेच्या कौन्सेलरमार्फत वेगळी मंजुरी लागते, आणि कॉलेज बोर्ड कागद तपासायला सात आठवड्यांपर्यंत घेऊ शकतं. कौन्सेलरला आधीच्या सत्रातच गाठा.

सॅटसाठी यंत्र आपलं न्यायचं. विंडोज, मॅक किंवा आयपॅड चालतो. क्रोमबुक फक्त शाळेने दिलेलं चालतं, घरचं नाही. ब्लूबुकमधली ‘एक्झाम सेटअप’ परीक्षेच्या पाच दिवस आधी उघडते. ती आदल्या रात्री अकरा वाजता सुरू करून सॉफ्टवेअर अपडेटमध्ये अडकणारी घरं दर परीक्षेला असतात. परीक्षेत मध्येच वाय-फाय गेलं तर मात्र घाबरायचं कारण नाही, अ‍ॅप चालू राहतं आणि उत्तरं नंतर पाठवतं.

पुण्या-मुंबईतून देणाऱ्यांना मार्चची सॅट बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेवर आदळते. ऑगस्ट किंवा ऑक्टोबर सोयीचे. एसीटी भारतात संगणकावरच होते, कागदाचा पर्याय नाही. आणि नोंदणी करताना नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं नाव पासपोर्टात बऱ्याचदा मुलाच्या नावाच्या रकान्यातच चिकटलेलं असतं, शाळेच्या दाखल्यावर ते मधलं नाव होतं आणि कॉलेजांच्या सामायिक अर्जावर, म्हणजे कॉमन अ‍ॅपवर गायब होतं. ओळखपत्र आणि प्रवेशपत्रावरचं नाव जुळलं नाही तर केंद्रावर दारातूनच परत पाठवतात, फीही बुडते.