महिन्याचा किराणा कोठून भरावा : वाणी, मोठे दुकान की मोबाइल?

ठाण्यात नव्याने बिऱ्हाड करणाऱ्यांना, विशेषतः घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांत राहायला येणाऱ्यांना, महिन्याचा किराणा कोठून भरावा हा प्रश्न पहिल्याच महिन्यात पडतो. यादी देऊन जवळच्या वाण्याकडून सामान घेणे, सुट्टीच्या दिवशी मोठ्या दुकानात जाऊन स्वतः सामान निवडणे आणि मोबाइलवरून हवे तेव्हा मागवणे, असे तीन मार्ग समोर असतात. जांभळी नाक्याच्या बाजाराला मी चौथा मार्ग मानत नाही, कारण वाण्याप्रमाणे तेथेही सुट्या मालाचीच खरेदी होते. भाव थोडे उतरते मिळतात हे खरे, पण रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झाले असल्याने दोन किलो डाळीसाठी तेथवर जाऊन काही वाचत नाही.

मोबाइलचा विचार लवकर आटोपता येतो. ऐनवेळी हिंग संपला किंवा पाहुणे येऊन ठेपले, तर त्याच्यासारखी सोय नाही. परंतु घरपोच देण्याचे आणि हाताळणीचे शुल्क बिलाच्या तळाशी जमा होत राहते आणि ते टाळण्यासाठी ठरावीक रकमेपर्यंत खरेदी वाढवावी लागते. आमच्या घरात या वाढीव खरेदीत नेहमी वेफर्स आणि बिस्किटेच आली, डाळ कधी आली नाही.

खरी तुलना उरते ती मोठे दुकान आणि वाणी यांच्यात. साबण, टूथपेस्ट, धुण्याची पावडर आणि फिनेल या वस्तूंवर मोठ्या दुकानात छापील किमतीपेक्षा बरीच सूट मिळते, तर आमचा वाणी सहसा छापील किंमतच लावतो. या वस्तू नासत नाहीत, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या एकदम आणून ठेवल्या तरी बिघडत नाही. एवढ्यापुरते माप निःसंशय मोठ्या दुकानाच्या पदरात टाकावे लागते. तेथे वस्तू हाताळून, तारीख पाहून घेता येते, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

असे असूनही धान्य, डाळी, रवा आणि पोहे मी तेथून आणणे बंद केले, याचे कारण भाव नसून वजन आहे. तेथे किती घ्यायचे हे गिऱ्हाईक ठरवत नाही, पाकीट ठरवते. आषाढी एकादशीला पाव किलो साबुदाणा पुरेसा असतो, पण पाकीट अर्ध्या किलोचे असते, आणि एकावर एक मोफत असले की घरात एक किलो येतो. ठाण्याच्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रव्याला आणि बेसनाला जाळी धरायला वेळ लागत नाही. त्यामुळे सवलतीत वाचलेले पैसे पुष्कळदा कचऱ्याच्या डब्यात जातात.

पाकिटांची वजनेही आता एकसारखी राहिलेली नाहीत. एक लीटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते; पण शेजारीच तेवढीच दिसणारी, त्याहून कमी तेलाची पिशवी चार रुपये स्वस्त म्हणून मांडलेली असते. पाकिटावर एककाची किंमत छापणे आता बंधनकारक आहे, हे चांगलेच झाले. मात्र एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमला आणि त्याहून मोठ्या पाकिटावर दर किलोला लिहिलेली असते, त्यामुळे नऊशे ग्रॅमचे पाकीट आणि दीड किलोचे पाकीट यांची तुलना करायची तर रांगेत उभ्या उभ्या हजाराने गुणाकार करावा लागतो. तो प्रत्येक वस्तूसाठी करण्याइतका उत्साह माझ्यात नाही, आणि इतरांतही फारसा दिसत नाही.

वाण्याकडे सव्वा किलो तूरडाळ म्हटले की सव्वा किलोच मिळते. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टित आणि लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर तो नाही. यावरून सुटा माल तेवढ्याने स्वस्तच पडेल असे म्हणता येणार नाही, कारण मोठी दुकाने घाऊक खरेदीत तो फरक भरून काढू शकतात. तरीही आमच्या घरचा अनुभव असा की मापून आणलेले सामान महिन्यात संपते आणि पुढच्या महिन्याचा आकडा आधीचा पाहून ठरवता येतो.

वाण्याच्या बाजूने सगळेच चांगले आहे असे नाही. सुट्या मालावर तारीख नसते, कोलम म्हणून दिलेला तांदूळ दर वेळी एकाच प्रतीचा निघेल याची खात्री नसते, आणि खाते चालू ठेवले की खर्चावरचे लक्ष सुटते. म्हणून सामान घरी पोहोचताच पैसे चुकते करावेत हे बरे. काट्याकडे आपण पाहावे, त्यात वाण्याला वाईट वाटत नाही. खाद्यतेल मात्र सुटे विकण्यास बंदी असल्याने ते सीलबंदच घ्यावे लागते, आणि तेथे पिशव्यांपेक्षा पाच लीटरचा कॅन हिशेबाला सोपा पडतो.

ज्यांच्या संकुलाजवळ जुना वाणी नाही, त्यांनी दोन महिन्यांचे धान्य आणि डाळी जांभळी नाक्यावरून एकदम आणाव्यात. मग रिक्षाचे भाडे जड जात नाही. गहू घेताना मात्र जवळ चक्की आहे का, हे आधी पाहावे. ती नसेल, तर पिठाचे पाकीट मोठ्या दुकानातून आणण्यावाचून माझ्या मते तरी गत्यंतर नाही.