स्पॅनिशचा ‘केदार’: साडेअकरा महिने वापरल्यावर

काल मोबाइलवर मेसेज आला. वार्षिक वर्गणी १५ दिवसांत संपतेय, पुढच्या वर्षाचे ३,४९९ रुपये आपोआप कापले जातील. ‘आपोआप’ वाचलं आणि म्हटलं, आता लिहूनच टाकू.

ॲप स्पॅनिश शिकवायचं. नाव घेत नाही, कारण अजून १५ दिवस त्यांच्याशी माझा व्यवहार आहे. पाठ, गुण, चुकलं की लाल पट्टी, हे सगळं कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक असणार. आवाज स्वच्छ आहे, पैसे भरले की जाहिराती येत नाहीत. माझं भांडण एका क्रियापदावरून आहे. केदार.

हो, आपल्या शेजारच्या केदारसारखाच वाचायचा. फक्त जोर शेवटच्या ‘दार’वर आणि द म्हणताना जीभ दातांना जेमतेम लावायची. ॲपमध्ये याचं एकच कार्ड आहे: केदार म्हणजे ‘टु स्टे’. संपलं. दुसरं काही लिहिलंत की लाल पट्टी.

मी चाकणला खरेदी विभागात आहे. आमचे काही सुटे भाग स्पेनमधल्या सारागोसाहून येतात. तिकडच्या बाई चांगल्या आहेत, इंग्रजी बोलतात, पण मी स्पॅनिश शिकतोय म्हटल्यावर हौसेने त्यातच लिहायला लागल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांचा मेसेज आला: ‘केदामोस मान्याना आ लास नुएवे?’ कार्ड आठवलं. उद्या नऊला आपण राहायचं का? मला वाटलं, ऑफिसात थांबणार का विचारतायत. मी ऐटीत उत्तर ठोकलं, ‘नो, मे केदो एन कासा.’ नाही, मी घरी राहतोय.

त्यांनी विचारलं होतं, उद्या नऊला भेटायचं का, म्हणजे व्हिडिओवर. मी ‘नाही, मी आपला घरीच बसतो’ असं कळवलं. तिकडचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेबारा. साडेबाराला मी घरी वरणभात कालवत होतो आणि ड्रॉइंगमधला बदल पुढच्या आठवड्यावर गेला. साहेबांनी मला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या रात्री ॲपवाल्यांना तक्रार केली, स्क्रीनशॉटसकट. उत्तर: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिलं. उत्तर: ॲप काढून पुन्हा टाकून बघा. म्हणजे ॲप पुन्हा टाकलं की क्रियापदाला नवे अर्थ फुटणार! तिसऱ्यांदा लिहिलं तर तक्रार ‘निकाली’. तेव्हा मी अडीच तारे ठरवले होते. अर्धा तारा आवाजाचा.

मग फुकटच्या वाटेला लागलो, जे आधीच करायला हवं होतं. रेआल अकादेमिया एस्पान्योला ही स्पॅनिश भाषेची, १७१३ साली स्थापन झालेली संस्था. तिचा शब्दकोश नेटवर कुणालाही बघता येतो, एक पैसा पडत नाही. तिथे केदार उघडला तर अर्थांची ही भली मोठी रांग. मूळ लॅटिन ‘क्विएतारे’, म्हणजे शांत करणे, निवणे. रांग बघून घाबरलो, मग एका जुन्या डायरीत इंग्रजी टाळून थेट मराठीत उतरवायला घेतलं. आणि गंमत झाली.

‘केदान दोस दीआस’: दोन दिवस राहिले. ‘केदार्से एम्बारासादा’: गरोदर राहणे. अहो, आपणही ‘राहणे’च म्हणतो! इंग्रजीवाल्यांना इथे ‘गेट’ लागतं. ‘एल बांको केदा सेर्का’: बँक जवळ पडते. ‘एन के केदामोस?’: मग काय ठरलं? सदरा ‘ते केदा बिएन’: तुला छान दिसतो. ‘ते केदा ग्रांदे’: तुला मोठा होतो. सगळीकडे ‘तुला’, अगदी आपल्यासारखं.

सगळ्यात भारी ‘मे केदान दोस दीआस दे वाकासिओनेस’. ॲपच्या पाठात या वाक्याचं इंग्रजी येतं ‘आय हॅव टू डेज लेफ्ट’ आणि पोरं ‘आय’ शोधत बसतात. मराठीत बघा: माझे रजेचे दोन दिवस उरलेत. उरलेत कोण? दिवस. मी नाही. म्हणून क्रियापद अनेकवचनी, ‘केदा’ नाही, ‘केदान’. तीन महिने हे वाक्य माझं चुकत होतं, डायरीत एकदा लिहिल्यावर पुन्हा चुकलं नाही. म्हापशाच्या मावशींना फोनवर हे सांगितलं. त्या लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या. म्हणाल्या, आमचं ‘फिकार’ असंच, राहणं तेच, होणं तेच, घर कुठेय तेही त्याच्यातच.

सातव्या महिन्यात माझं ठाम मत झालं होतं की केदार म्हणजे ‘राहणे’, ॲप फेकून द्या. मग तेही फसलं.

त्याच बाईंनी गप्पांत विचारलं, राहतोस कुठे? (तिकडे अहोजाहो फारसं नाही, ऑफिसातही बहुतेक अरेतुरे.) मी लिहिलं, ‘मे केदो एन पुने.’ पुण्यात राहतो. त्यांचं उत्तर: ‘आस्ता क्वांदो?’ कधीपर्यंत? त्यांना वाटलं मी पुण्यात चार दिवस मुक्कामाला आलोय. घरदार करून राहणं म्हणजे ‘बिबीर’, केदार नव्हे. माझा जन्म सदाशिव पेठेतला, आणि मी स्वतःलाच पाहुणा करून ठेवलं. खुलासा केल्यावर त्यांना वाटलं मी फिरकी घेतोय. ‘ते एस्तास केदांदो कोनमीगो?’ ते परत शब्दकोशात बघावं लागलं: स्पेनमध्ये फिरकी घेणं हेसुद्धा केदारच!

म्हणून डायरीत लाल शाईने दोन ओळी वाढवल्या. एक, कायमचं राहणं बिबीर. दोन, ‘जवळ पडतं’ हे बँक, स्टेशन, घर यांना चालतं. किल्ली कुठेय, बायको कुठेय, याला ‘एस्तार’, म्हणजे ‘असणे’.

ॲपबद्दल एक गोष्ट मान्य करतो. कान तयार झाला तो त्याच्यामुळेच. ‘केदो’मधला जोर ‘के’वर असला की ‘मी राहतो’, ‘दो’वर गेला की ‘तो राहिला’, हा फरक वहीत ऐकू येत नाही. ‘केदामोस’ मात्र ‘ठरवतो’ आणि ‘ठरवलं’ दोन्हींना एकच, तिथे कानाचाही उपयोग नाही, आधीचं-मागचं बघावं लागतं. एक तारा वाढवतो. साडेतीन.

काल रात्री वर्गणी बंद करायला गेलो. मागच्या महिन्यात ॲपची भाषाच स्पॅनिश करून ठेवली होती, त्यामुळे शेवटच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला: ‘ते केदास?’ थांबतोस का? वर्षभरात या एका जागी त्यांचं कार्ड तंतोतंत बरोबर निघालं.

‘नो’ दाबलं. मे केदान किन्से दीआस. भरलेले पैसे आहेत, पंधराही दिवस वापरणार.