आरएसपीओचा शिक्का: खालचा बारीक शब्द वाचा

बिस्किटाच्या किंवा साबणाच्या वेष्टनावर आरएसपीओचा (शाश्वत पामतेलाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) शिक्का दिसला की जंगल वाचलं असं समजून मोकळं होऊ नका. शिक्क्यासोबत एक शब्द असतो: सर्टिफाइड, मिक्स्ड किंवा क्रेडिट्स. सगळी गोम तिथेच आहे.

सर्टिफाइड म्हणजे प्रमाणित पामतेल शेवटपर्यंत वेगळं ठेवलेलं. टाक्या वेगळ्या, वाहतूक वेगळी, म्हणून महाग. मिक्स्डमध्ये प्रमाणित आणि साधं तेल एकाच टाकीत, हिशेब कागदावर. पुड्यातलं तेल नेमकं कुठल्या मळ्यातलं, हे कुणीच सांगू शकत नाही. माझ्या लेखी हा सगळ्यात कमकुवत प्रकार.

क्रेडिट्समध्ये तर पुड्यात प्रमाणित तेल असण्याचीही गरज नाही. कंपनी तेवढ्या टनांची क्रेडिट्स, म्हणजे दुसरीकडे तेवढं प्रमाणित तेल निघाल्याची कागदी नोंद, विकत घेते, बस. पळवाट वाटते ना? पण इंडोनेशियातल्या दोन-चार हेक्टरवाल्या पाम शेतकऱ्याला हीच वाट परवडते. तोडलेला पामफळांचा घड 24 ते 48 तासांत गिरणीत पोचला नाही तर मुक्त मेदाम्लं वाढून तेलाची प्रत घसरते. म्हणून तो जवळच्या दलालाला माल देतो आणि ट्रकमध्ये सगळ्यांचे घड एक होतात. वेगळे ठेवणार कसे? क्रेडिटचे पैसे मात्र थेट त्याच्या गटाला मिळतात. 2019 च्या छोट्या शेतकऱ्यांच्या मानकात पहिल्याच टप्प्यावर 40 टक्के उत्पादनाची क्रेडिट्स विकता येतात, पुढे 70, मग पूर्ण. ही सोय खरंच विचार करून केलेली आहे. फक्त क्रेडिट्स मोठ्या मळ्यांचीही असतात, तेव्हा कंपनीने कुणाची घेतली ते विचारा.

जंगलाच्या बाजूने आरएसपीओचे 2018 चे नियम कडक आहेत: 15 नोव्हेंबर 2018 नंतर पीट जमिनीवर (कुजक्या पालापाचोळ्याच्या थरांच्या दलदलीवर) नवी लागवड नाही. चर खणून पाणी काढलं की पीट सुकतं, खचतं, कार्बन सोडतं आणि पेटतं. 2015 मध्ये इंडोनेशियातलं सुमात्रा-कालीमंतान असंच धुमसत होतं. पण जगातलं जेमतेम पाचवा हिस्सा पामतेल प्रमाणित आहे. बाकीच्याला हे नियम लागूच नाहीत.

शिक्का जिथे तोकडा पडतो ते म्हणजे रोप. चांगलं पीक टेनेरा पामचं, म्हणजे जाड कवचाच्या फळांची ड्युरा आणि बिनकवचाची पिसिफेरा या जातींच्या संकराचं. स्वस्त रोपं बहुधा टेनेराखाली पडलेल्या बियांची. त्यांत साधारण चौथाई ड्युरा निघतात आणि चौथाई पिसिफेरा, ज्यांना बहुतेकदा फळच धरत नाही. फसवणूक कळते तिसऱ्या वर्षी: फळ आडवं कापा, कवच जाड आणि त्याभोवती काळ्या तंतूंचं कडं नसेल तर ड्युरा. झाड पंचवीस वर्षं उभं राहतं. उत्पन्न कमी, म्हणून आणखी जमीन, म्हणून जंगलाकडे नजर. प्रमाणपत्रासोबत प्रशिक्षण मिळतं, झाड बदलून मिळत नाही.

आणि 'पाम-फ्री' (पामतेल नसलेल्या) मालाच्या नादी लागू नका. हेक्टरी तेलात सोयाबीन पामच्या आसपासही येत नाही, तेवढ्याच तेलाला कित्येक पट जमीन लागते.