घर हलवण्याच्या बजेटची तयार शीट: सगळे रकाने आहेत, घनफूट नाही

एका शहरातून दुसऱ्या शहरात घर हलवायचं असलं की हाताशी येते ती ‘घर हलवण्याचं बजेट’ नावाची फुकट, तयार स्प्रेडशीट. पहिला अंदाज काढण्यापासून जुन्या घराचं डिपॉझिट परत येईपर्यंत, असे बरेच महिने ती वापरून झाली. आता लिहायला कारण झालं ते सामान पोचल्या दिवशीचं बिल. आकडा कोटेशनपेक्षा चांगलाच मोठा आणि कारण एवढंच की ‘सामान जास्त भरलं’. ते खरं की खोटं हे पडताळायला शीटमध्ये काहीच नव्हतं. वाहतुकीपुढे एक चौकोन आणि त्यात एक रक्कम, बस्स.

शीटचं रूप बहुतेकांना ठाऊक आहे: डावीकडे खर्चाच्या बाबी, मग अंदाज, प्रत्यक्ष खर्च, फरक, तारीख, आणि वर एक रंगीत गोल आलेख जो निम्मा पडदा अडवून बसतो. तो आलेख आधी उडवा. वाहतुकीवर एकूण खर्चाचे किती टक्के जातात हे कळून एकही निर्णय बदलत नाही.

माझी मुख्य तक्रार घनफुटाची आहे. लांबच्या अंतरावर सामान जागेच्या हिशेबानं जातं. ट्रकमध्ये तुमच्या सामानानं किती जागा व्यापली यावर दर ठरतो. घरगुती सामान आकाराच्या मानानं हलकं असतं, ढोबळमानानं घनफुटाला तीन-सव्वातीन किलो, म्हणून वजनाची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी ट्रक भरतो. त्यामुळे घनफुटाचा रकाना नसलेली शीट खर्च नोंदवते, त्याचा अंदाज देत नाही. बनवणाऱ्यानं सामानाच्या यादीचं वेगळं पान दिलंय, पण त्यात वस्तूचं नाव, नग आणि ‘स्थिती’ एवढंच. फ्रिजपुढे चक्क लिटर लिहायला सांगितलंय. २६० लिटरचा फ्रिज आतून सव्वानऊ घनफूट भरतो. तोच बाहेरून ६० × ६५ × १५० सेंटीमीटर मोजला तर ५८५ लिटर होतात, म्हणजे वीस घनफुटांच्या वर. लिटरच्या भरवशावर राहिलात तर एका फ्रिजमागे निम्म्याहून जास्त जागा हिशेबातून गळते.

रकाना घालणं अवघड नाही. यादीच्या पानावर लांबी, रुंदी, उंची इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि १७२८ नं भागा. आलं घनफूट. कोटेशन घनमीटरमध्ये असेल तर घनमीटरला ३५.३ नं गुणा. पुढे आणखी एक रकाना हवा, ‘सुटी करून’. पूर्ण जोडलेला डबल बेड ७८ × ६६ × ४० इंचांचा धरला तर ११९ घनफूट होतो. फळ्या सुट्या करून एकावर एक रचल्या तर तोच वीसच्या आसपास येतो. पाहणीला आलेला माणूस बेड सुटा धरतो आणि भरायच्या दिवशी कोणी स्क्रू काढायला तयार नसतं, अशा वेळी एका बेडमुळे शंभर घनफूट वाढतात. म्हणून सुटं करणं आणि पुन्हा जोडणं कोणाच्या अंगावर, हे कोटेशनवर लिहून घ्यायलाच हवं.

सगळंच सुटं करू नये. पार्टिकल बोर्डाचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) कपाट एकदा सुटं केलं की स्क्रूची भोकं ढिली होतात, आणि दुसऱ्यांदा जोडलेलं कपाट डुलतं. अशा कपाटाचा हिशेब वेगळा करावा. साडेसहा × चार × दोन फुटांचं कपाट ५२ घनफूट. एकूण सामान ५०० घनफूट असेल तर वाहतुकीच्या खर्चाचा दहावा हिस्सा या एकट्या कपाटानं खाल्ला. तेवढ्या पैशांत ते कपाट विकून आलेली रक्कम मिळवा आणि नवं काय भावानं येतं ते पाहा. यादीच्या पानावर ‘नेण्याचा खर्च’ आणि ‘तिकडे नवं घेण्याचा खर्च, वजा इथे विकून येणारे’ असे दोन रकाने शेजारी ठेवले की काय न्यायचं यावरचे घरातले अर्धे वाद तिथेच मिटतात. सागवानी टेबल जातं, गादी बहुतेकदा राहते (सहा बाय पाच फुटांची, आठ इंच जाड गादी वीस घनफूट खाते), पुस्तकं वाटतात त्यापेक्षा स्वस्तात जातात.

घनफुटांच्या प्रमाणात खर्च वाटण्याचा हा भागाकार मात्र सामायिक ट्रकलाच लागू पडतो, म्हणजे एका गाडीत चार घरांचं सामान असतं तेव्हा. पूर्ण ट्रक घेतला तर खर्च पायऱ्यांनी चढतो. आतून १४ × ६ × ६ फुटांचा ट्रक कागदावर ५०४ घनफुटांचा. घरसामान वेड्यावाकड्या आकारांचं असल्यामुळे त्यात चारशे-सव्वाचारशेच्या वर धरू नये. तुमची यादी ३६० वर थांबली तर पुढचे चाळीस घनफूट जवळपास फुकट जातात, मग ती गादीही टाका. यादी ४४० झाली तर शेवटच्या दोन वस्तूंपायी मोठा ट्रक घ्यावा लागेल, आणि त्या दोन वस्तूंची खरी किंमत दोन ट्रकांच्या भाड्यांतला फरक आहे. पूर्ण ट्रकच्या भाड्याला सामायिकच्या घनफूटदरानं भागलं की जो आकडा येतो, त्याच्या वर सामान गेलं तर पूर्ण ट्रक स्वस्त. सामान त्या आकड्याच्या थोडं खाली असलं तरी मी पूर्ण ट्रककडेच झुकेन, कारण सामायिकमध्ये सामान वाटेतल्या गोदामात उतरतं आणि परत चढतं. फुटतं ते बहुतेक तिथेच.

कोटेशनं किमान तीन घ्यावीत, पण एकच यादी तिघांच्या हातात देऊन. एरवी एक जण ३८० घनफूट धरतो, दुसरा ४५०, तिसरा आकडा सांगतच नाही, आणि आपण तीन रकमा शेजारी मांडून सर्वांत लहान निवडतो. घनफुटात फरक कुठून येतो? माळ्यावरचं, गॅलरीतलं आणि पलंगाच्या पेटीतलं सामान पाहणीत सुटतं. दर पक्का आहे की प्रत्यक्ष मोजून ठरणार, हे स्पष्ट लिहून घ्या. मोजून ठरणार असेल तर मोजणार कोण आणि ट्रक भरण्याआधी की नंतर, तेही लिहून घ्या. शिवाय शीटमध्ये नसलेल्या चार ओळी घाला: जिन्याचे मजले, ट्रकपासून दारापर्यंतचं अंतर, मोठा ट्रक गल्लीत शिरत नसेल तर छोट्या गाडीची फेरी, आणि गाडी खोळंबली तर तासाचं शुल्क. उतरवताना वाढणाऱ्या बिलात बहुतेकदा यांतलंच काहीतरी असतं.

खोक्यांची ओळ शीटमध्ये आहे, पण ‘खोकी – नग’ एवढीच. आकार निदान दोन हवेत. १८ इंची चौरस खोका ३.४ घनफुटांचा, तो पुस्तकांनी भरला तर चाळीस किलोच्या वर जातो, उचलताना तळ सुटतो आणि त्याच्यावर काही रचताही येत नाही. पुस्तकांना १६ × १२ × १२ इंची खोका घ्यावा, सतरा-अठरा किलोंवर थांबतो. मोठ्या खोक्यात उशा, पांघरुणं, कपडे, दिव्यांच्या शेड. पाच पदरी पुठ्ठा घ्या, आणि कोपरे कोपऱ्यांवर येतील असे रचा, कारण खोक्याचा भार त्याचे उभे कोपरेच पेलतात. विटांसारखे सांधे चुकवून रचले की खालचा खोका दबतो. दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद बरीच घटते, म्हणून पावसाळ्यात जुनी खोकी वापरून केलेली बचत महागात जाते. तळाला चिकटपट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, अशी तीन ठिकाणी हवी.

आता तारखेचा रकाना. सुरुवातीला तो शोभेचा वाटत होता. वापरून झाल्यावर मत पूर्ण बदललं, आणि आज या शीटमध्ये मला सर्वांत मोलाचा तोच वाटतो. घर हलवताना एकूण रक्कम बजेटमध्ये बसते, पण पैसे एकाच पंधरवड्यात जातात. नव्या घराचं डिपॉझिट आणि आगाऊ भाडं, वाहतूकदाराची आगाऊ रक्कम, उतरवण्याआधी मागितली जाणारी उरलेली रक्कम, प्रवासाची तिकिटं, सामान येईपर्यंतचा मुक्काम. जुनं डिपॉझिट, विम्याचा दावा आणि नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारी भरपाई हे सगळं त्यानंतर येतं, कधी कधी महिन्यांनी. शीटमधल्या नोंदी तारखेनुसार लावून शेवटी ‘उरलेली शिल्लक’ असा एक रकाना घाला आणि त्यातला सर्वांत कमी आकडा शोधा. हातात किती पैसे हवेत हे तो आकडा सांगतो, खालची एकूण बेरीज सांगत नाही. सामायिक ट्रकचा पोचण्याचा अवधी पाच ते नऊ दिवस सांगितला असेल तर मुक्काम नवव्या दिवसापर्यंतचा धरावा. दोन्ही घरांचं भाडं एकत्र चालू राहणारे दिवसही याच रकान्यात उघडे पडतात.

अनपेक्षित खर्चासाठी शीट सरसकट दहा टक्के धरते, ते काढून टाकलं. तिकिटांत अनपेक्षित काही नसतं. पक्क्या दराच्या वाहतुकीत थोडं, मोजून ठरणाऱ्या दरात वीस टक्के, आणि पोचल्यानंतरच्या खर्चात सर्वांत जास्त. एसीचंच घ्या. शीटमध्ये ‘एसी बसवणे’ अशी एक ओळ आहे, खर्च मात्र चार ठिकाणी होतो: काढण्याआधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून अडवणं, काढणं, बसवणं, आणि नव्या भिंतीवर दोन युनिटमधलं अंतर जास्त असेल तर तांब्याची जादा पाइप, तीही मीटरवर. गॅस न अडवता नळ्या कापल्या तर पाचवी ओळ गॅस भरण्याची. वॉशिंग मशीन पुढून उघडणारं असेल तर ड्रम आवळून धरणारे तीन-चार बोल्ट पाठीमागून लावल्याशिवाय ते हलवू नये. ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी त्याचे आधार निकामी होतात. बोल्ट हरवले असतील तर नव्यांची ओळ आधीच घाला. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवायचा आणि उभाच न्यायचा. आडवा आलाच तर तेल काँप्रेसरमध्ये परतेपर्यंत उभा ठेवून मगच चालू करायचा.

विम्यालाही शीटमध्ये एकच चौकोन आहे. यादीच्या पानावर प्रत्येक वस्तूची आजची किंमत लिहा आणि हप्ता तिच्या बेरजेवर काढा. हप्ता वाचवायला किंमत कमी दाखवली तर सरासरीचं कलम लागतं, म्हणजे भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते: सामान १० लाखांचं, दाखवलं ६ लाखांचं, नुकसान १ लाखाचं, तर हातात ६० हजारच. स्वतः भरलेल्या खोक्यांतल्या फुटीला आणि बाहेरून ओरखडाही नसताना बंद पडलेल्या यंत्राला विमा बहुधा नकार देतो, म्हणून काचसामान भरायचं काम वाहतूकदाराला द्यावं. पोचपावतीवर सही करण्याआधी फुटलेल्या खोक्याचा नंबर तिथेच लिहावा.

एक त्रास शेवटपर्यंत टिकला. शीटचे बेरजेचे चौकोन कुलूपबंद आहेत, आणि मध्ये नवी ओळ घातली की ती बेरजेत धरलीच जात नाही. म्हणून प्रत आपल्या नावावर करून संरक्षण आधी काढा, बेरजेचं सूत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लावा आणि मगच ओळी घाला. इतकं केल्यावर शीट उत्तम चालते, आणि पैसे देऊन घ्यावं लागणारं ॲप मी तरी सुचवणार नाही. पाच पैकी तीन तारे. घनफुटाचा रकाना असता तर साडेचार. सामान लागल्यावर फाइल पुसू नका. जुनं डिपॉझिट खात्यात येईपर्यंत आणि विम्याचा दावा निकाली निघेपर्यंत खोक्यांचे नंबर आणि तारखा त्याच पानावरून द्याव्या लागतात.